येतोवाले

"देवमन येणार आहे. येतो म्हणालाय तो," चिंतामणराव पंचांना तिसऱ्यांदा सांगत होते, आणि सांगताना पंचांकडे न बघता मैदानाच्या फाटकाकडे बघत होते.

पंच भले गृहस्थ होते. त्यांनी शिट्टी दोनदा तोंडात धरली आणि दोनदा काढली. अमरावतीचा संघ केव्हाचा मैदानात उतरून अंग मोकळं करत होता. दोरीपलीकडची मंडळी टाळ्या पिटायला लागली होती आणि त्या टाळ्या कौतुकाच्या नव्हत्या. अकोल्याच्या जठारपेठ तरुण मंडळाची दहा पोरं विजारी सावरत नुसती उभी होती. अकरावा, म्हणजे गोलकीपर देवमन, सकाळी अकोल्याच्या स्टेशनावर आलाच नव्हता. गाडी सुटली तेव्हा चिंतामणरावांनी पोरांची समजूत घातली, की त्याचा मामा वलगावला राहतो, तो कालच पुढे गेला असेल आणि तिथून परस्पर मैदानावर येईल. बडनेऱ्याला गाडी बदलताना त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. अमरावतीला उतरल्यावर कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

अकराव्या जागेला माणूस नव्हता असं मुळीच नाही. वकिलाचा कमलाकांत बूट आवळून रेषेबाहेर उभा होता. तोही गोलकीपरच, पण राखीव. तो दबकत दबकत जवळ आला.

"भाऊ, देवमन नाही येणार," तो म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यानंच. तो म्हणाला होता, की मी भाऊंना…"

"आणि मला त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, येतो म्हणून. काल. माझ्या घरी येऊन." चिंतामणरावांचा आवाज चढला. "दुसऱ्याच्या जागेवर डोळा ठेवून कप मिळत नसतो, कमलाकांत. तू पाहतोवाला. पाहत बस."

दोन-तीन पोरं हसली. कमलाकांत मागे सरला आणि गवतावर बसला. भाऊंना देवमन स्वतः येतो म्हणाला असेल तर आपण कोण सांगणार, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चिंतामणरावांनी मात्र तो चेहरा पाहिला नाही, कारण फाटकातून कोणीतरी उंच पोरगा आत येत होता. तो शेंगदाणे विकणारा निघाला.

हे येतो आणि पाहतो काय प्रकरण आहे ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर चिंतामणराव उगाचच खाष्ट वाटतील.

हा माणूस अकोल्याच्या तहसील कचेरीत कारकून होता. कचेरीत त्याला कोणी चिंतामणराव म्हणे, कोणी नुसतंच अहो म्हणे, आणि दोन्हींत फारसा फरक नसे. घरी प्रमोदिनीबाई आणि ते, दोघंच. मूल झालं नाही, आणि त्याबद्दल दोघं कधी बोलली नाहीत. संध्याकाळी कचेरी सुटली की हा माणूस धोतर सोडून खाकी अर्धी विजार चढवी, गळ्यात शिट्टी अडकवी आणि जठारपेठेपलीकडच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या पटांगणात जाई. तिथे तो भाऊ होता. तिथे वीस पोरं त्याच्या एका शिट्टीवर पळत होती, आणि माणसाला कुठेतरी तेवढं लागतंच.

पोरांना फुटबॉलचं वेड होतं, पण वेडाला नेम नव्हता. आज पंधरा यायची, उद्या सहा. तेव्हा चिंतामणरावांनी एक रिवाज पाडला. खेळ संपला की सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं. भाऊ एकेकाकडे बघून विचारणार, "उद्या?" आणि प्रत्येकानं सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. "येतो" म्हणेल तो पक्का. त्यानं आलंच पाहिजे, आणि सामन्यात त्याची जागा ठरलेली. "पाहतो" म्हणेल तो अर्धा. त्याचं पोट दुखतं, त्याच्याकडे पाहुणे येतात, त्याला वडिलांना विचारावं लागतं. आणि "सांगतो" म्हणणारा कच्चा लिंबू. त्याला खेळू द्यायचं, पण मोजायचं नाही. पोरांनी लगेच नावंही पाडली. येतोवाले, पाहतोवाले, सांगतोवाले. पुढे पुढे तर जठारपेठेत मुलगी बघून गेलेल्या मंडळींविषयीसुद्धा लोक विचारू लागले, की काय हो, येतोवाले आहेत की सांगतोवाले.

देवमन पहिल्या दिवसापासून येतोवाला. इंदूबाईचा मुलगा. बाप लहानपणीच गेलेला, आई हंगामात जिनात सरकी वेचायला आणि एरवी मिळेल त्या कामाला. मोर्णा नदीला पूर आला त्या संध्याकाळी पटांगणात दोनच माणसं आली होती, एक चिंतामणराव आणि दुसरा देवमन. घोटाभर चिखलात उभं राहून चिंतामणराव चेंडू मारत राहिले आणि तो झेलत राहिला. त्या दिवसापासून चिंतामणरावांचा त्याच्यावर जीव बसला. आपल्याला असा एक असता तर, असं त्यांच्या मनात येई, आणि आलं की ते जोरात शिट्टी फुंकत.

कमलाकांताचे हात देवमनपेक्षा वाईट नव्हते. पण त्याच्या वडिलांना तो वकील व्हायला हवा होता, आणि फुटबॉल त्याच्या आड येत होता. "उद्या?" विचारलं की तो खाली बघून "पाहतो" म्हणे. खरं बोलत होता बिचारा. पण खरं बोलल्याचं चिंतामणरावांच्या दरबारी काही चीज नव्हतं.

त्या वर्षीच, म्हणजे एकसष्ट साली, सगळं टोकाला आलं. पटांगण जिनाचं, आणि जिन खुशालरावांचं. खुशालरावांना आता तिथे कापसाच्या गंज्या लावायच्या होत्या. चिंतामणराव त्यांच्या ओसरीवर चार वेळा जाऊन बसले. शेवटी खुशालराव चार माणसांदेखत म्हणाले, की अमरावतीचा कुमारांचा कप आणून माझ्या दिवाणखान्यात ठेवा, पटांगण तुमचं. नाही आणला तर दसऱ्याच्या आधी जागा मोकळी करा. चिंतामणराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आणतो." तेव्हापासून त्यांना धड जेवण गेलं नव्हतं. पटांगण गेलं की आपण संध्याकाळी जायचं कुठे, या विचारानं ते रात्री अंथरुणात उठून बसत. प्रमोदिनीबाई विचारत, काय झालं. ते म्हणत, काही नाही.

आणि अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी देवमन घरी आला.

चिंतामणराव तेव्हा ओट्यावर चेंडू मांडीत धरून बसले होते. ब्लॅडरमध्ये हवा भरून झाली होती आणि कातड्याच्या तोंडाची वादी ओवायची होती. हे काम ते कोणाला करू देत नसत. देवमन समोर उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, एक सांगाचं होतं. घरचं होतं."

सामन्याच्या आदल्या दिवशी घरची गोष्ट काढायची नाही, हा त्यांचा आणखी एक नेम होता. आई आजारी आहे, बहिणीला बघायला येणार आहेत, असल्या गोष्टी निघाल्या की पोरांचे पाय जड होतात, असं त्यांचं मत होतं. त्यांनी वर न बघता हात केला आणि सांगितलं, की आधी सामना, घरचं सगळं सोमवारी.

देवमननं काही बोलायला तोंड उघडल्यासारखं केलं, पण वादी भोकातून निसटली आणि चिंतामणराव तिच्याशी झटू लागले. मग पोरगा वाकला, त्यांच्या पाया पडला.

"येतो भाऊ," तो म्हणाला.

"ये," चिंतामणराव म्हणाले. "वेळेवर ये. उशीर केलास तर तोंड दाखवू नकोस मला."

तो गेल्यावर प्रमोदिनीबाई आतून म्हणाल्या, की पोरगा पाया पडून गेला, निदान पाठीवर हात तरी ठेवायचा होता. चिंतामणराव म्हणाले, सामन्याच्या आधी पडतातच पाया. आणि त्यांनी वादीला घट्ट गाठ मारली.

तर असा येतो म्हणालेला देवमन आला नाही, आणि पंचांनी शेवटी शिट्टी वाजवली.

चिंतामणरावांनी दहाच पोरं उतरवली. अकराव्याची जागा देवमनसाठी राखून ठेवली. तो आला की लगेच उतरेल. तोवर कप्तान उद्धव गोलात उभा राहील, असं त्यांनी ठरवलं. उद्धव बचावातला बैलासारखा ताकदीचा गडी, पण हातानं चेंडू धरायची त्याला मुळी सवयच नव्हती. तो चेंडू आला की सवयीनं पाय काढायचा. पहिला गोल त्याच्या हाताखालून गेला. दुसरा त्यानं अडवला आणि अडवलेला चेंडू स्वतःच्याच गुडघ्यानं आत ढकलला. दोरीपलीकडे लोक पोट धरधरून हसले.

"भाऊ, पाया पडतो तुमच्या, कमलाकांतले टाका," उद्धव गोलातून ओरडला.

चिंतामणरावांनी ऐकलं नाही. त्यांना फाटकापाशी कोणाची तरी सायकल दिसत होती. ते मनाशी म्हणत होते, की हा पोरगा आला पाहिजे. पूर आला तेव्हा आला होता. आता नाही आला तर मग कोणाचंच काही खरं नाही. कमलाकांताला उतरवणं म्हणजे देवमन येणार नाही असं स्वतःच्या तोंडानं कबूल करणं होतं, आणि ते त्यांच्यानं होईना.

मध्यंतरात पोरं पाणी प्यायली. चिंतामणराव फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून आले आणि कमलाकांतापुढे उभे राहिले. "उतर," एवढंच म्हणाले.

पुढचा अर्धा वेळ ज्यांनी पाहिला ते अमरावतीचे लोकही नंतर त्या पोराचं नाव विचारत होते. कमलाकांत आडवा पडत होता, उठत होता, समोरच्याच्या बुटापुढे डोकं घालत होता. त्याच्या हाती चेंडू चिकटत होता. चिंतामणराव बघत राहिले. डाव्या अंगाला झेप घेताना आधी गुडघा वळवायचा, ही लकब देवमनची होती. ती याच्यात कुठून आली, हे त्यांना कळेना. उद्धव आपल्या जागी परतला तसा बचाव सावरला, आणि अकोल्यानं एक गोल फेडला. दुसरा फेडायला वेळ उरला नाही. शेवटी शेवटी एका फटक्यात कमलाकांताच्या मनगटाला जबर मार बसला, तरी तो गोल सोडून हटला नाही. शिट्टी वाजली तेव्हा त्याच्या अंगावर एकही गोल चढला नव्हता. जे काही अंगावर चढलं होतं, ते त्याच्या आधीचंच होतं.

परतीच्या गाडीत चिंतामणराव खिडकीशी बसले. कमलाकांताच्या मनगटाला कोणाचा तरी पंचा गुंडाळला होता. त्याच्याशी एक शब्द बोलावा असं त्यांना वाटलं, पण देवमनवरच्या रागात ते नुसते बाहेर बघत राहिले.

सोमवारी कचेरी सुटली तसे ते घरी गेलेच नाहीत. तडक इंदूबाईच्या वस्तीकडे निघाले. काय बोलायचं ते वाटेत त्यांनी तीनदा घोकलं. तुझ्या मुलानं वीस पोरांचा गळा कापला, बारा वर्षांचं माझं पटांगण घालवलं, त्याला सांग, पुन्हा माझ्या दारात उभं राहू नकोस.

इंदूबाई दाराशीच तूर निवडत होती. त्यांना पाहून ती लगबगीनं उठली आणि तिनं सतरंजी झटकून टाकली. घरात बुद्धाच्या तसबिरीला ताजा हार होता. चिंतामणराव उभेच राहिले.

"देवमन कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"पोचला असन आता जबलपुरात," इंदूबाई म्हणाली, आणि तिचं सगळं तोंड हसलं. "तुमाले तर सांगून गेला ना थो. शनिवारीच तुमच्या घरून आला अन् तसाच टेसनावर गेला. कारखान्यातली सरकारी नोकरी हाये, भाऊ. हुकूम आला अन् दोन दिवसांत हजर व्हा म्हने. उशीर झाला तं दुसऱ्याले देऊन टाकतीन."

चिंतामणरावांना ते शब्द लागोपाठ ऐकू आले, पण अर्थ एकेक करून पोचला. पोरानं पांढरा धुवट सदरा घातला होता. केस विंचरले होते. पाय धुऊन आला होता. हे सगळं त्यांनी पाहिलं होतं, आता आठवत होतं, तेव्हा दिसलं नव्हतं. आयुष्यभर लोक त्यांच्या दारातून "येतो" म्हणून गेले होते. त्यांची आई काशीला गेली तीसुद्धा "येते" म्हणून गेली होती. घरातून बाहेर पडताना त्यांच्या तोंडून चुकून "जातो" निघालं, की प्रमोदिनीबाई आजही टोकत, अशुभ बोलू नका म्हणून. अकोल्यातल्या शेंबड्या पोराला कळणारा शब्द. बारा वर्षं त्या शब्दाला आपल्या कामाला जुंपून जुंपून त्याचा साधा अर्थ फक्त त्यांनाच कळेनासा झाला होता.

ते सतरंजीवर बसले.

"लय धाकधूक होती पोट्ट्याले," इंदूबाई सांगत होती. "भाऊ रागावतीन, मॅच सोडून चाललो म्हने. मी म्हनलं, जाऊन पाया पडून ये. तं आला तुमच्या घरून अन् म्हने, माय, भाऊ कामात होते तरी म्हनले, ये म्हनले. वेळेवर ये म्हनले. मले बरं वाटलं. गुरूनं ये म्हनलं म्हनजे पोरगं माघारी येईनच."

तोंड दाखवू नकोस, हे पुढचं वाक्य त्यानं आईला सांगितलं नव्हतं. ते त्यानं आपल्याजवळ ठेवलं होतं आणि तसंच जबलपूरला घेऊन गेला होता.

"अन् तुमची मॅच तं त्यानं अधुरी सोडलीच नाई," ती पुढे म्हणाली. "नोकरीची परीक्षा देऊन आला तवापासून त्या वकिलाच्या पोराले शिकवून राहिला होता ना. रोज पहाटे, मोर्णेच्या काठी. त्याचा बाप उठाच्या आंधी. मी म्हनलं, तुही जागा दुसऱ्याले कावून देतं? तं म्हने, मी गेलो तं भाऊचा गोल उघडा पडते." मग तिनं विचारलं, "जितले ना तुमी?"

चिंतामणरावांना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी मान हलवली.

"हरलो, इंदूबाई."

"कावून? त्याले खेळवलं नाई?"

"खेळवलं," ते म्हणाले. "उशिरा खेळवलं."

कारकून माणूस, इंदूबाईच्या घरात सतरंजीवर बसून रडत होता. तिनं पाण्याचा गडवा पुढे केला.

"होते बापा. उशीर कोनाले होत नाई," ती म्हणाली. "मी त्याले जितले म्हनूनच लिवून पाठवीन कोनाकडून. एकटा हाये थो तिकडं."

ते बराच वेळ बसले. तिनं केलेला चहा घेतला. मग उठले, चपला घातल्या आणि दारात थांबले. असं निघताना काय म्हणायचं असतं ते त्यांना ठाऊक होतं, पण जीभ वळेना. त्यांनी नुसते हात जोडले. इंदूबाईच म्हणाली, "या भाऊ."

पटांगणात पोरं आली होती. खरं तर यायचं काही कारण नव्हतं. खुशालरावांच्या माणसांनी दुपारीच गोलाचे खांब उपटून भिंतीशी टाकले होते, आणि जिथे खांब होते तिथे दोन खड्डे होते. पोरं त्या खड्ड्यांभोवती उभी होती. चिंतामणराव धोतरावरच आले, शिट्टी गळ्यात नव्हती. त्यांनी देवमनची गोष्ट सांगितली. आपली चूकही सांगितली, काही हातचं न राखता. कमलाकांतापुढे जाऊन ते म्हणाले, की पोरा, काल मी तुला बोललो ते चुकलो. कमलाकांताचा हात झोळीत होता.

मग काय करायचं ते कोणालाच कळेना. शेवटी सवयीनंच पोरं गोल करून उभी राहिली. चिंतामणरावांनी "उद्या?" विचारलं नाही. विचारण्यासारखं उद्या काही नव्हतं. उद्धवनंच सुरुवात केली. तो समोर आला आणि म्हणाला, "येतो, भाऊ."

"ये," चिंतामणराव म्हणाले.

एकेक पोरगं समोर येत गेलं आणि तेच म्हणत गेलं. सांगतोवालेसुद्धा म्हणाले. पोरं निरोप घेत होती की शब्द देत होती, हे त्यांनी कोणालाही विचारलं नाही. प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून ते "ये" म्हणत राहिले. सगळ्यात शेवटी कमलाकांत उरला. त्यानं झोळीतला हात दुसऱ्या हातानं सावरला.

"येतो भाऊ," तो म्हणाला.

"ये," चिंतामणराव म्हणाले. "उशीर झाला तरी ये."